आमवात आणि योगोपचार : अभ्यासाची मात्रा सुजेवरून ठरते

नाशिकच्या एका ४३ वर्षांच्या शिक्षिकेने विचारले आहे : सहा वर्षांपूर्वी आमवाताचे, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिसचे निदान झाले. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्झेट, जोडीला फॉलिक अ‍ॅसिड आणि गेल्या हिवाळ्यापासून अल्प मात्रेत प्रेडनिसोलोन चालू आहे. सकाळी उठल्यावर हाताची बोटे तासभर वळत नाहीत. घराजवळच्या योगवर्गात पहाटे सहाला सूर्यनमस्कार आणि कपालभाती करून घेतात. नियमाने केले तर प्रतिकारशक्ती वाढेल आणि सहा महिन्यांत गोळ्या सुटतील, असे तिथे सांगितले जाते. पण वर्गाला गेले की पुढचे दोन दिवस मनगटे ठणकतात. तेव्हा योग करावा की नाही, करायचा तर कोणता, आणि गोळ्या खरोखर सुटतील का?

योग जरूर करावा. मात्र सध्या ज्या वेळी आणि ज्या पद्धतीने तो तुमच्याकडून करून घेतला जात आहे, तसा करू नये. गोळ्यांचा निर्णय तुमच्या ऱ्हुमॅटॉलॉजिस्टचा आहे. योगशिक्षकाने त्यात पडण्याचे कारण नाही, आणि जो पडतो त्याच्यापासून चार हात लांब राहिलेले बरे.

आधी प्रतिकारशक्तीबद्दल, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो. आमवातात प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, ती घरच्यांवरच उलटलेली असते. सांध्याच्या आतल्या बाजूला सायनोव्हियम नावाचे पातळ अस्तर असते. संरक्षक पेशी त्या अस्तरावर चालून जातात, ते सुजते, जाड होते आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर शेजारची कूर्चा आणि हाड कुरतडू लागते. एकदा कुरतडले गेलेले हाड कोणत्याही आसनाने पूर्ववत होत नाही. मेथोट्रेक्झेट या उलटलेल्या शक्तीला आवर घालण्यासाठीच दिले जाते. म्हणून ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हा सल्ला तुमच्या बाबतीत मुळातच अप्रस्तुत आहे, आणि त्याच्या जोडीने येणारे काढेसुद्धा. २०२० च्या उत्तरार्धात मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद केली आणि ही इजा ऑटोइम्यून स्वरूपाची, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटल्याने झालेली दिसते, असे म्हटले. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला होता, तरीही मेथोट्रेक्झेटमुळे ज्यांना ठरावीक काळाने यकृताची तपासणी करावी लागते, त्यांनी डॉक्टरांना न विचारता गुळवेल घेऊ नये, असेच मी सांगतो.

मग योगाने काय साधते? दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत आमवाताच्या ७२ रुग्णांवर झालेला आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला आठ आठवड्यांचा अभ्यास आहे. त्यात योग करणाऱ्या गटात नैराश्य कमी झाले, आजाराची तीव्रता उतरली आणि रक्तातले दाहाचे काही निर्देशांकही घटले. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या २०१५ च्या अभ्यासात आमवात किंवा गुडघ्यांची झीज असलेले, व्यायामाची सवय नसलेले ७५ लोक होते. आठवड्यातून दोन वर्ग आणि एकदा घरी सराव, असे आठ आठवडे केल्यावर त्यांची चालण्याची क्षमता आणि मनःस्थिती सुधारली, आणि त्यातला बराच फायदा नऊ महिन्यांनीही टिकून होता. संख्या लहान आहेत, पण दिशा स्पष्ट आहे. मात्र दिल्लीच्या अभ्यासात योग करणाऱ्यांची औषधे चालूच होती. ‘योगाने गोळ्या सुटल्या’ असे त्यातून सिद्ध होत नाही. ‘गोळ्यांबरोबर योग केला तर अधिक बरे वाटते’ एवढे निश्चित म्हणता येते, आणि तेही थोडे नाही.

मेंदूपासून छाती-पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा उल्लेख हल्ली योगवर्गांत वारंवार होतो. त्या तंतूला उत्तेजन दिल्यास दाह कमी होऊ शकतो हे खरे आहे. पण २०१६ मध्ये आमवाताच्या रुग्णांवर जो छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला, त्यात शरीरात विद्युत उपकरण बसवलेले होते. भ्रामरीने, म्हणजे भुंग्यासारखा गुंजारव करत सोडलेल्या श्वासाने, मन शांत होते, झोप सुधारते, एवढे म्हणण्यावर मी समाधानी आहे.

आता सर्वांत महत्त्वाचे. वेदना आणि सूज या दोन गोष्टी आमवातात वेगळ्या हिशेबाने चालतात. श्वसन, शिथिलीकरण आणि हळुवार हालचालींनी वेदना लवकर कमी होते, कारण स्नायूंचा ताण सुटतो, झोप लागते, भीती ओसरते. पण त्याच काळात सांध्याच्या आत दाह धुमसत असू शकतो. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी जे बिनसतात, ते बहुधा बरे वाटू लागल्यावर बिनसतात. महिना-दीड महिना छान जातो, मेथोट्रेक्झेटची एक मात्रा चुकते, मग दुसरी मुद्दाम चुकवली जाते, आणि दोन-तीन महिन्यांनी दोन्ही मनगटे, पावले एकदम सुजून येतात. प्रेडनिसोलोनचे तर आणखी वेगळे आहे : ते दीर्घकाळ घेतल्यावर शरीराची स्वतःची स्टिरॉइड-निर्मिती मंदावलेली असते, त्यामुळे ते एकाएकी बंद करणे धोक्याचे ठरू शकते, ते डॉक्टरच टप्प्याटप्प्याने उतरवतात. तुम्हाला बरे वाटत असेल तर ते त्यांना आवर्जून सांगा. ते सांधे दाबून पाहतील, ईएसआर आणि सीआरपी या दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या बघतील, २८ सांध्यांवरून काढला जाणारा, आजाराची तीव्रता सांगणारा डीएएस हा अंक मांडतील, आणि आजार पुरेसा काळ शांत राहिला असेल तर औषध कमी करण्याचा विचार तेच करतील. योगाचा वाटा त्यात असेल तर तो असा मोजून दिसेल.

अभ्यासाची मात्राही याच सुजेवरून ठरते. हाताच्या बोटांच्या मुळाशी असलेले सांधे, मनगटे, गुडघे, घोटे आणि पावलांचा चवडा रोज बघून घ्यायचे : गरम लागतात का, फुगलेले आहेत का, अंगठी बोटात अडकते का. सांधे गरम आणि फुगलेले असतील त्या दिवशी आसने नाहीत. प्रत्येक सांधा जिथवर न दुखता जातो तिथवर दिवसातून दोन-तीन वेळा हळुवार फिरवून आणायचा, बाकी वेळ विश्रांती आणि श्वसन. सांधा अजिबात न हलवणे मात्र चुकीचे, कारण मग तो आखडतो. सूज आहे पण उतरणीला लागली आहे अशा दिवसांत खुर्चीवरचा आणि भिंतीच्या आधाराचा अभ्यास. सूज नसेल आणि सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाच्या आत सुटत असेल, तेव्हाच उभ्याने आसने आणि ताकद वाढवणाऱ्या हालचाली. यावर एक साधी कसोटी आहे : अभ्यासानंतर वाढलेले दुखणे दोन तासांत ओसरले नाही, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळचा ताठरपणा वाढला, तर अभ्यास जास्त झाला. या कसोटीवर तुमचा सध्याचा वर्ग नापास आहे.

पहाटेची वेळही सोडावी लागेल. ब्राह्ममुहूर्ताचे महत्त्व निरोगी साधकासाठी सांगितलेले आहे. आमवाताच्या रुग्णाचे सांधे तेव्हाच सर्वांत जास्त आखडलेले असतात. तुमची शाळा सकाळची असेल तर दुपारी चारनंतर, दुपारची असेल तर गरम पाण्याने आंघोळ झाल्यावर नऊच्या सुमारास अभ्यास करा. उठल्यावर अंथरुणातच पाच-दहा मिनिटे घोटे आणि गुडघे हळूहळू हलवणे आणि नंतर कोमट पाण्याच्या तसराळ्यात हात बुडवून बोटे उघडमिट करणे, एवढे सकाळी पुरे.

हातांविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण वर्गात नेमके तेच राहून जाते. आमवातात बोटे मुळापासून करंगळीच्या दिशेला कलण्याची प्रवृत्ती असते. तिच्या उलट हालचाल रोज करायची. हात टेबलावर पालथा ठेवा, बोटे सरळ आणि सैल. आधी तर्जनी टेबलावरूनच अंगठ्याकडे सरकवा, मग तिच्यामागे मधले बोट, मग अनामिका, शेवटी करंगळी. चारही बोटे सरकली की ती परत मागे ओढायची नाहीत; पूर्ण तळहात उचलून मूळ जागी ठेवायचा आणि पुन्हा तर्जनीपासून सुरुवात करायची. असे प्रत्येक हाताने पाच वेळा. त्यानंतर अंगठ्याचे टोक एकेका बोटाच्या टोकाला गोलाकार टेकवणे, आणि अंगठा बाहेर ठेवून सैल मूठ वळणे. सूज असताना रबरी चेंडू जोराने दाबू नका. सूज उतरल्यावर मात्र हाताची ताकद वाढवलीच पाहिजे : ब्रिटनमध्ये आमवाताच्या ४९० रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, हातांना ताण देणारे आणि ताकद वाढवणारे व्यायाम शिकवलेल्यांचे हात वर्षभरानंतर अधिक चांगले चालत होते. नमस्कारमुद्रेत तळवे एकमेकांवर दाबल्याने मनगट काटकोनात वळते. तुम्ही बोटांची टोके नुसती टेकवा.

सूर्यनमस्कार सध्या बंद. त्यात अख्ख्या शरीराचा भार सुजलेल्या मनगटांवर आणि पायांच्या चवड्यांवर येतो, आणि तो पुनःपुन्हा येतो. तुमची मनगटे दोन दिवस ठणकतात याचे कारण एवढेच आहे. रथसप्तमीच्या सामुदायिक सूर्यनमस्कारांत मागे पडल्याची खंत मनात आणू नका. खुर्चीवर बसून हात वर नेणे, पाठीचा कणा लांब ठेवून कमरेतून पुढे झुकणे, एकेक पाय मागे नेणे असा क्रम श्वासाशी जोडून केला तर लय तीच मिळते. अधोमुख श्वानासन करायचे झाले तर भिंतीपाशी उभे राहून कोपरापासूनचे पूर्ण हात भिंतीला टेकवून करता येते. आधार घेऊन आसन करण्याची ही रीत पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी पट्टे, लोड, खुर्च्या आणि दोर वापरून इतकी बारकाईने घडवली आहे की आज आमवाताच्या रुग्णाला आसन नाकारण्याची वेळ क्वचितच येते. वज्रासन गुडघे, घोटे आणि पावले तिन्हींना एकाच वेळी दाबते, म्हणून ते नको. टाचा उचलून केलेले ताडासन चवड्यांना सोसत नाही. पाय पूर्ण टेकवून, सतरंजीची घडी पायाखाली घेऊन उभे राहा. शवासनात गुडघ्यांखाली लोड घ्यायला हरकत नाही, मात्र रात्रभर गुडघ्यांखाली उशी घेऊन झोपू नका, त्याने गुडघे वाकलेलेच राहू लागतात.

मानेच्या बाबतीत मी कोणाचीच गय करत नाही. आमवात जुना झाला की डोक्याच्या खालच्या पहिल्या दोन मणक्यांना बांधून ठेवणारे अस्थिबंध सैल पडू शकतात, आणि हे कधी कधी काहीही न दुखता होते. अशा मानेवर भार आला किंवा ती जोराने पुढे वाकली तर मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. म्हणून शीर्षासन, सर्वांगासन, हलासन आणि मान गोल फिरवणे हे तुमच्यासाठी वर्ज्य. मान पुढे-मागे वाकवून काढलेल्या क्ष-किरण चित्राची तुमच्या बाबतीत गरज आहे का, हे पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारून घ्या. डावीकडे-उजवीकडे सावकाश पाहणे आणि हनुवटी किंचित आत घेणे, इतके मानेसाठी पुरेसे आहे.

प्रेडनिसोलोनमुळे हाडे ठिसूळ होण्याचा धोका असतो, आणि तुमचे वय पाळी थांबण्याच्या जवळ येत आहे. पाठ गोल करून जोराने पुढे वाकण्याची आसने, म्हणजे पश्चिमोत्तानासन किंवा पादहस्तासनात कपाळ गुडघ्याला लावण्याची ओढाताण, ठिसूळ मणक्याला महागात पडू शकते. भिंतीला पाठ लावून दंडासनात बसणे, पालथे झोपून छाती हलकेच उचलणे, उताणे झोपून सेतुबंधासन, हे पाठीचे स्नायू सांभाळतात.

श्वसनात कपालभाती तूर्त नको. ती तुम्हाला घातकच आहे असे नाही, पण थकलेल्या शरीराला आणखी पिटाळण्यात काही हशील नाही. आणि आमवात काही जणांत फुप्फुसांवरही परिणाम करतो, म्हणून कोरडा खोकला किंवा चढताना धाप लागत असेल तर आधी तपासणी, मग प्राणायाम. दीर्घ श्वसन, उच्छ्वास श्वासापेक्षा लांब, मिनिटाला साधारण सहा श्वासांच्या आसपास, कुंभक न करता, म्हणजे श्वास न रोखता : इथून सुरुवात करा. अनुलोम-विलोम करताना नाकपुडीवर बोटे दाबून हात दहा मिनिटे धरून ठेवणे हे दुखऱ्या बोटांना आणि खांद्याला त्रासाचे होते. कोपराखाली उशी घ्या, किंवा बोटे न लावता लक्ष डाव्या-उजव्या नाकपुडीवर आळीपाळीने ठेवा. योगनिद्रा रोज वीस-पंचवीस मिनिटे करावी, शक्यतो शाळेतून आल्यावर. आमवातातला थकवा आळसाचा नसतो आणि तो झोपेने पूर्ण जात नाही. दिवसाच्या मध्यात घेतलेली विश्रांती हा या उपचाराचा भागच आहे, आणि घरातल्यांनीही ती तशी मानायला हवी.

शुद्धिक्रियांचा आग्रह कोणी धरला तर नम्रपणे नकार द्या. शंखप्रक्षालनात, म्हणजे मिठाचे पाणी पिऊन आतडी धुण्याच्या क्रियेत, शरीरातले पाणी कमी होऊ शकते. मेथोट्रेक्झेट मूत्रपिंडावाटे बाहेर पडते आणि पाणी कमी पडले की ते रक्तात साठून विषारी ठरण्याचा धोका वाढतो. कडक उपास-लंघनालाही हेच लागू आहे. जलनेती करायचीच असेल तर डॉक्टरांना विचारून, आणि उकळून गार केलेल्या पाण्यानेच, कारण तुमच्या औषधांनी संसर्गाला तोंड देण्याची ताकद थोडी उतरलेली असते.

चटईवरचा अर्धा तास आणि उरलेला दिवस यांची सांगड घातली नाही तर अभ्यासाचे फळ हातून जाते. वह्यांचा गठ्ठा बोटांच्या चिमटीत न धरता दोन्ही हातांच्या कवेत, छातीशी धरा. लाल पेनाला जाड पकड बसवा आणि वर्गभराच्या वह्या एका बैठकीत तपासू नका. फळ्यावर खांद्याच्या उंचीला लिहा. घरी कणिक मळणे आणि ओले कपडे पिळणे ही दोन कामे दुसऱ्या कोणाकडे द्या. पातेले पकडीने न उचलता जाड फडक्याने दोन्ही तळव्यांत उचला. पिशवी बोटांना अडकवण्याऐवजी खांद्याला लावा.

शिक्षक निवडताना त्याच्या पदवीपेक्षा तो तुम्हाला काय विचारतो हे पाहा. औषधांची यादी, मानेचा इतिहास, हाडांची तपासणी आणि आज कोणता सांधा सुजला आहे, हे न विचारता जो चटई टाकायला सांगतो, तिथे थांबू नका. लोणावळ्याच्या कैवल्यधामात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून योगाला प्रयोगशाळेची शिस्त लावली. उपचारासाठी आलेल्या माणसाची आधी तपासणी आणि मग अभ्यास, ही रीत महाराष्ट्राला नवी नाही. पन्नास जणांच्या सामुदायिक वर्गात मात्र ती पाळणे अशक्य असते, त्यामुळे निदान पहिले काही महिने एकट्याने किंवा तीन-चार जणांत शिका.

हे सगळे आमवातासाठी आहे. दुसरा ऑटोइम्यून आजार असलेल्या मैत्रिणीला ते जसेच्या तसे देऊ नका. ल्यूपसमध्ये उन्हाने आजार उसळतो, म्हणून गच्चीवर सूर्याकडे तोंड करून केलेला अभ्यास तिथे नुकसान करील. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस या कणा आखडवणाऱ्या आजारात हालचालीने ताठरपणा सुटतो आणि कणा ताणण्याची आसने उपयोगी पडतात, पण मणके जुळून गेले असतील तर जोर लावल्यास ते मोडू शकतात. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णाला तापलेल्या खोलीत लक्षणे वाढतात, तर मायस्थेनिया या स्नायू लवकर थकण्याच्या आजारात तीच हालचाल पुनःपुन्हा केल्याने स्नायू गळून जातात.

काही गोष्टी दिसल्या तर अभ्यास तिथेच थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे आहे : एकच सांधा अचानक लालबुंद, गरम आणि असह्य दुखरा होणे, विशेषतः सोबत ताप असेल तर, कारण तो सांध्यातला जंतुसंसर्ग असू शकतो, मान वाकवताना पाठीतून किंवा हातापायांतून वीज गेल्यासारखे वाटणे, हातांना नव्याने बधिरपणा येणे, चालताना पाय अडखळणे, लघवीवरचा ताबा सुटणे, तोंडात फोड येणे आणि त्याबरोबर ताप किंवा अंगावर निळसर डाग दिसणे, जे मेथोट्रेक्झेटमुळे रक्तपेशी कमी झाल्याचे चिन्ह असू शकते. ही यादी कागदावर लिहून फ्रिजवर लावा, आणि मेथोट्रेक्झेटचा आठवड्यातला ठरलेला वार त्याच कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा. ही गोळी चुकून रोज घेतली गेल्याने जिवावर बेतल्याच्या घटना घडलेल्या आहेत.